कुत्र्याचा विश्वास आणि आपला व्हिसा



११ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या भागातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि इकडे अमवाज आयलंड्समध्येही शुक्रवारच्या गप्पांना विषय मिळाला. काहींचे म्हणणे, "बरे झाले, सुट्टीत पुण्याला गेलो की पहाटे फिरायला निघायची सोय उरली नव्हती." बाकीच्यांचे म्हणणे, "त्या मुक्या जनावरांनी जायचे कुठे?" चहाचे दोन कप संपले तरी वाद काही संपला नाही.

अकराच दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावेत, रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत, खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे त्यात म्हटले होते. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणच्या कुत्र्यांना हलवून परत तिथे सोडू नये असाही आदेश आला. हे सगळे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे.

ऑगस्टच्या त्या दुसऱ्या आदेशात आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. ज्यांना कुत्र्यांविषयी प्रेम आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करून ते दत्तक घ्यावेत, आणि एकदा घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच राहील. हा आदेश दिल्लीसाठी होता हे खरे. पण परदेशात, दोन-दोन वर्षांच्या व्हिसावर संसार मांडलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्यातली ही अट सगळ्यात जास्त लागू पडते असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

नागपूरचा अनुभव

"एवढे प्रेम आहे तर घरी न्या" हे वाक्य महाराष्ट्राला नवीन नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जवळजवळ हेच म्हटले होते. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, महापालिकेकडे नोंदणी करा आणि घरी ठेवा. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. पोळी घालणाऱ्या प्रत्येकाला दत्तक घेण्याची सक्ती करता येत नाही, हा त्याचा साधा अर्थ.

आकडे पाहिले तरी तेच दिसते. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे होते. २०१२ मध्ये हा आकडा १ कोटी ७१ लाख होता. इतके कुत्रे कोणाच्याही घरात मावणार नाहीत. संख्या आटोक्यात येते ती नसबंदीने आणि रोग आटोक्यात येतो तो लसीने. आपल्या शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी वर्षानुवर्षे गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

तेव्हा दत्तक घेऊन आपण भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सोडवतो आहोत असा समज नसावा. आपण फक्त एका कुत्र्याचा प्रश्न सोडवत असतो. त्या एकासाठी मात्र ते सर्वस्व असते आणि म्हणूनच तो प्रश्न अर्धवट सोडवून चालत नाही.

आपल्या बहरीनमध्ये

बहरीन लहान देश आहे, पण हा प्रश्न इथेही आहे. हमला, अस्कर, सखीरचा वाळवंटी पट्टा अशा भागांत कुत्र्यांचे कळप दिसतात. नगरपरिषदांच्या बैठकांत त्यावर तक्रारी होतात. इथल्या सरकारनेही गेल्या काही वर्षांत पकडणे, नसबंदी करणे आणि सोडणे हाच मार्ग धरला आहे. बहरीन एसपीसीए ही संस्था १९७९ पासून जनावरांसाठी काम करते आहे. 'द डॉगफादर' या नावाने ओळखले जाणारे टोनी वॉटर्स यांच्यासारखे लोक वाळवंटातल्या कुत्र्यांना रोज अन्नपाणी पोचवत आले आहेत.

इथल्या निवाऱ्यांत दोन प्रकारचे कुत्रे येतात. एक वाळवंटातले, उंच पायांचे, चिंचोळ्या तोंडाचे. त्यांच्यात बरेचदा सलुकीचे, म्हणजे अरबांच्या शिकारी कुत्र्याचे, रक्त असते. दुसरे आपल्यासारख्या परदेशी कुटुंबांनी पाळलेले आणि नोकरी संपल्यावर मागे ठेवलेले. कोविडच्या काळात घरात बसून कंटाळलेल्या अनेकांनी जगभर पिल्ले घेतली आणि ऑफिसे सुरू झाल्यावर त्यांतली कित्येक परत गेली. आखातात तर दर उन्हाळ्यात, शाळा संपून कुटुंबे कायमची निघतात तेव्हा, हेच घडते.

अमवाज ही समुद्रात भर घालून तयार केलेली बेटे. परदेशी नागरिकांना मालकी हक्काने घर घेता येणाऱ्या बहरीनमधल्या पहिल्या प्रकल्पांपैकी हा एक. त्यामुळे इथे पन्नास देशांची माणसे आणि त्यांचे कुत्रे एकत्र नांदतात. संध्याकाळी लगूनच्या बाजूला चक्कर मारली की मुले हट्ट धरतात, "आपण पण कुत्रा घेऊया ना!" मग आई-बाबा विचार करू लागतात, की विकत घेण्यापेक्षा एखाद्या निराधार कुत्र्याला घर द्यावे. विचार अतिशय चांगला आहे. फक्त त्याचा पुढचा भाग आधी समजून घ्यायला हवा.

भेदरलेला कुत्रा घरी येतो तेव्हा

आमच्याकडे काजू आली ती एका निवाऱ्यातून. रंग काजूसारखा म्हणून नाव काजू. वय दोनेक वर्षे, गळ्यावर जुन्या दोरीचा वळ. पहिले चार दिवस ती सोफ्याच्या मागे बसून होती. आवाज नाही, हालचाल नाही, खाणे फक्त रात्री, सगळे झोपल्यावर. पाहुणे म्हणायचे, "किती शांत आहे हो!" पण भीतीने गोठलेला कुत्रा बाहेरून शांतच दिसतो.

याला शास्त्रीय आधार आहे. अमेरिकेत ओहायओ राज्यातल्या मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक पहिले तीन दिवस बरेच वाढलेले आढळले. नवीन घरही कुत्र्याच्या दृष्टीने आणखी एक अनोळखी जागाच असते. निवारे चालवणारे लोक म्हणून "तीन-तीन-तीन" असा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस नुसते बावरलेपण, तीन आठवड्यांत घरची रीत कळते, तीन महिन्यांत हे आपले घर आहे असे वाटू लागते. हा ठोकताळा आहे, वेळापत्रक नव्हे. ज्याने मार खाल्ला आहे त्याला वर्षही लागू शकते.

या काळात काय करावे, यापेक्षा काय करू नये याचीच यादी मोठी आहे. वाकून, वरून हात आणून डोक्यावर थोपटू नये. डोळ्यांत रोखून बघू नये. लपून बसला असेल तर ओढून बाहेर काढू नये. पहिल्याच आठवड्यात सगळ्या मंडळींना "कुत्रा बघायला या" म्हणून बोलावू नये. खाताना आणि झोपेत मुलांनी जवळ जाऊ नये, हा नियम तर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

काजू सगळ्यात आधी कोणाजवळ गेली असेल? मुलांजवळ नाही, जेवण घालणाऱ्यांजवळही नाही. ती गेली आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या आजींजवळ, ज्यांना कुत्रा मुळीच आवडत नव्हता. आजी रोज दिवेलागणीला देवापुढे आसन घालून, डोळे मिटून रामरक्षा म्हणत. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच संथ आवाज, आणि काजूकडे अजिबात लक्ष नाही. दहाव्या दिवशी काजू सोफ्यामागून निघाली आणि आजींच्या आसनापासून दोन हातांवर येऊन बसली. आजी डोळे उघडून म्हणाल्या, "ही इथे कशाला आली?" आणि पुन्हा डोळे मिटून पुढे सुरू.

कुत्र्याला काय हवे असते ते यात सगळे आले. रोजचा एकच क्रम, अनपेक्षित काही नाही, आणि जवळ यायचे की नाही हे ठरवायचे स्वातंत्र्य. नंतर आम्ही तेच केले. तिच्याकडे पाठ किंवा बाजू करून जमिनीवर बसायचे, उकडलेल्या चिकनचा तुकडा थोड्या अंतरावर ठेवायचा आणि पुस्तक वाचत राहायचे. अंतर रोज वीतभर कमी झाले.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र अनेक घरांत गाडी अडते. तोवर गप्प असलेला कुत्रा गुरगुरायला लागतो, भुंकतो, घरात एकटा ठेवला की दार ओरबाडतो. इथे बरेच लोक घाबरून कुत्रा परत देतात. खरे तर भीती थोडी कमी झाली म्हणून त्याला बोलायचे धाडस आलेले असते. गुरगुरणे म्हणजे "एवढ्यावर थांबा" अशी सूचना. गुरगुरल्याबद्दल मार दिला तर तो सूचना द्यायचे सोडतो आणि थेट चावतो. त्याआधीच्या सूचनाही ओळखता येतात. झोप आलेली नसताना जांभई, सारखे ओठ चाटणे, मान फिरवून डोळ्यांचे पांढरे दाखवणे. हे दिसले की आपण मागे व्हावे. जनावरांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की शिकवण्यासाठी बक्षिसाचीच पद्धत वापरावी, आक्रमक कुत्र्यालाही. आपल्याकडच्या "छडी लागे छमछम" वृत्तीला हे पटायला जड जाते, पण अनुभव तसाच येतो. काजूला झाडूची भीती होती. झाडू दुरून दिसला की चिकन, झाडू गेला की चिकन बंद, असे दोन महिने चालले. आता झाडू निघाला की ती शेपटी हलवत येते आणि केर काढणे अवघड होते!

चावण्याच्या बाबतीत मात्र धाडस नको. आधी कोणाला चावलेला कुत्रा असेल, घरात लहान मूल असेल, तर पशुवैद्य आणि जाणकार प्रशिक्षक यांच्याशी बोलूनच निर्णय घ्यावा. प्रेमाने सगळे ठीक होते हे सिनेमात. काही कुत्र्यांना लहान मुले नसलेले घरच योग्य असते आणि तसे सांगणारा निवारा चांगला समजावा.

इथल्या हवेचे, इथल्या शेजाऱ्यांचे

काही गोष्टी खास इथल्या. उन्हाळ्यात दुपारी बाहेरच्या कामावर कायद्याने बंदी असते, ती उगाच नाही. पारा चाळीस अंशांच्या आसपास आणि वर समुद्राची दमट हवा. फरसबंदीवर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवून बघावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. फिरणे पहाटे किंवा रात्रीच. नवीन, भित्रा कुत्रा पट्ट्यातून मान काढून पळतो, म्हणून गळपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही लावावेत आणि मायक्रोचिपवर आपला चालू फोन नंबर आहे ना ते बघावे. १६ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाला आतषबाजी असते, त्या संध्याकाळी खिडक्या-पडदे बंद, गाणी सुरू आणि कुत्रा आतल्या खोलीत.

स्वयंपाकघरातलेही लक्षात ठेवावे. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला विषारी असतात. प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवणाऱ्या पाहुण्यांना हे हसत सांगावे, पण सांगावेच.

शेजाऱ्यांविषयी दोन शब्द. आपले अनेक मुस्लिम शेजारी कुत्र्याची लाळ अंगाला किंवा कपड्याला लागू देत नाहीत, कारण नमाजाआधी शुद्ध होणे आवश्यक असते. याचा अर्थ त्यांना कुत्र्यांचा तिटकारा आहे असा नव्हे. कुराणात गुहेतल्या झोपलेल्या तरुणांबरोबर राखणीला कुत्रा आहे आणि सलुकीला तर अरब घरांत पिढ्यान्पिढ्या मान आहे. लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या लिफ्टने जावे, एवढे पुरते. आमच्या मजल्यावरचे एक बहरीनी आजोबा काजूला कधी हात लावत नाहीत, पण भेटले की तिची खबरबात विचारतात. इमारतीचे नियम आणि घरमालकाची परवानगी मात्र आधी लेखी घ्यावी. निम्म्या अडचणी तिथेच टळतात.

आता मुद्द्याचे: परत जाताना

मध्यम आकाराचा कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. आपला व्हिसा बहुधा दोन वर्षांचा. बहरीनने २०२२ मध्ये दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा सुरू केला, पण तो आपल्यातल्या मोजक्यांकडे. म्हणजे आज घेतलेला कुत्रा आपल्या एका तरी नोकरीबदलाचा साक्षीदार होणार हे जवळपास नक्की.

महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. आपल्या बाबतीत स्वर्गाच्या दाराऐवजी मुंबई विमानतळ आहे, आणि तिथले नियम माहीत असले तर दार उघडते. सर्वसाधारणपणे, दोन वर्षे सलग परदेशात राहून कायमचे भारतात परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी सोबत आणता येतात. त्यासाठी पशू संगरोध विभागाचे ना-हरकत पत्र आधी घ्यावे लागते, आणि प्राणी आणता येतो तो मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा ठिकाणीच. मायक्रोचिप, किमान महिनाभर आधी दिलेली आणि मुदतीत असलेली रेबीजची लस, सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला हे सगळे लागते. जो कायमचा परतत नाही त्याला वेगळा आयात परवाना काढावा लागतो. विमान कंपन्यांचे नियम निराळे, उन्हाळ्यात आणखी कडक. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी ताजी माहिती घ्यावीच. खर्चही बराच येतो. म्हणून कुत्रा घरी आला त्याच महिन्यापासून त्याच्या तिकिटासाठी थोडे दिनार बाजूला टाकत जावेत. आम्ही तसेच करतो आहोत.

"दुसरे चांगले घर बघून देऊ की" असे सहज म्हटले जाते. साधा, माणसाळलेला कुत्रा दुसऱ्या घरी रुळतोही. पण ज्याला एकदा टाकले गेले आहे आणि ज्याने महिनोन्महिने घेऊन आपल्यावर विश्वास टाकला, त्याला पुन्हा निवाऱ्याच्या पिंजऱ्यात ठेवले की तो पहिल्यापेक्षा मागे जातो. भीती वाढते, चावण्याची शक्यता वाढते आणि अशा कुत्र्याला तिसरे घर सहसा मिळत नाही. म्हणजे आपण विश्वास कमावून तो मोडला तर कुत्र्याची अवस्था आपण भेटण्याआधी होती त्याहून वाईट होते. सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेणाऱ्यावर टाकलेल्या त्या अटीचे मर्म आम्हाला यातच दिसते.

मग दोन वर्षांच्या व्हिसावाल्यांनी काहीच करू नये का? जरूर करावे. निवाऱ्यातल्या कुत्र्याला काही आठवडे किंवा महिने तात्पुरते सांभाळता येते. कुत्र्याला घराची सवय लागते आणि कायमचे घर मिळणे सोपे होते. तिथे निरोप आधीच ठरलेला असतो आणि पुढच्या घराची वाट निवारा बघत असतो, हा फरक लक्षात घ्यावा. सात-आठ वर्षांचा वयस्क कुत्रा दत्तक घेता येतो. त्याला सहसा कोणी विचारत नाही आणि त्याची बाकीची वर्षे आपल्या हिशोबात बसण्यासारखी असतात. शनिवारी मुलांना घेऊन निवाऱ्यात कुत्रे फिरवायला जाता येते. नसबंदीसाठी चार दिनार देता येतात.

आणि ज्यांनी पूर्ण विचार करून हो म्हटले आहे, त्यांनी जरूर घ्यावा. घरी बसून एकदा स्वतःला विचारावे: उद्या कंपनीने महिन्याची नोटीस दिली तर हा आपल्याबरोबर कुठे आणि कसा जाईल? या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढता आले तर तुमचे घर तयार आहे. बाकीचे, म्हणजे सोफ्यामागे बसणे, गुरगुरणे, झाडूची भीती, हे सगळे वेळ दिला की निभावते.

आपल्यापैकी ज्यांनी इथून भारतात किंवा इतर देशांत कुत्रा नेला आहे त्यांनी आपला अनुभव मंडळाकडे जरूर कळवावा. नवीन येणाऱ्या कुटुंबांना त्याचा फार उपयोग होईल.